माजी राष्ट्राध्यक्ष, सध्या प्लिमथचे खासदार

१८३० च्या शरद ऋतूत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या क्विन्सी गावी एका त्रेसष्ट वर्षांच्या गृहस्थांकडे विचारणा आली : प्लिमथ मतदारसंघातून प्रतिनिधीगृहासाठी उभे राहाल का? प्रश्न नाजूक होता, कारण हे गृहस्थ दीडच वर्षापूर्वीपर्यंत देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. त्या पदावरून उतरलेल्या माणसाने खालच्या सभागृहात साधा खासदार म्हणून बसणं त्याच्या इभ्रतीला शोभेल का, ही शंका विचारणाऱ्यांच्याही मनात होती. जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांचं उत्तर असं की, लोकांनी निवडून दिलं तर गावचा पंच होण्यातही कुणाला कमीपणा नाही. पत्नी लुईसा आणि मुलगा चार्ल्स यांना ही कल्पना मुळीच पसंत नव्हती. अ‍ॅडम्स उभे राहिले, प्रचाराला फिरकले नाहीत आणि भरघोस मतांनी निवडून आले. या निवडीने झाला तसा आनंद आपल्याला राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडीनेही झाला नव्हता, अशी नोंद त्यांनी रोजनिशीत केली.

शाळेच्या पुस्तकांत अ‍ॅडम्स येतात ते अमेरिकेचे सहावे राष्ट्राध्यक्ष म्हणून. माझ्या मते ही ओळख त्यांच्यावर अन्याय करते. ती चार वर्षं फसली आणि बरीचशी त्यांच्याच स्वभावामुळे फसली. त्यांचं मोठेपण दिसलं ते नंतरच्या सतरा वर्षांच्या खासदारकीत, हाती कसलीही सत्ता नसताना. नवल याचं वाटतं की माणूस मधल्या काळात बदलला नव्हता. ज्या हेकेखोरपणाने राष्ट्राध्यक्षपद बुडवलं, त्यानेच खासदारकी गाजवली.

त्यांच्याइतकी तयारी करून त्या पदावर आलेला माणूस शोधूनही सापडणार नाही. वडील जॉन अ‍ॅडम्स हे दुसरे राष्ट्राध्यक्ष. १७७५ मध्ये बंकर हिलची लढाई झाली तेव्हा आठव्या वर्षात असलेल्या जॉन क्विन्सीने आई अ‍ॅबिगेलबरोबर जवळच्या टेकडीवरून तोफांचा धूर पाहिला होता. दहाव्या वर्षी वडिलांबरोबर फ्रान्स, चौदाव्या वर्षी अमेरिकी वकिलाचा सचिव आणि फ्रेंच दुभाषा म्हणून थेट सेंट पीटर्सबर्ग. पुढे हार्वर्ड, वकिली, मग हॉलंड, प्रशिया, रशिया आणि ब्रिटन या देशांत राजदूत. १८१२ चं ब्रिटनबरोबरचं युद्ध मिटवणारा गेंटचा तह करणाऱ्या शिष्टमंडळाचे ते प्रमुख होते. १८१७ ते १८२५ या आठ वर्षांत जेम्स मन्रो यांचे परराष्ट्रमंत्री म्हणून त्यांनी स्पेनकडून फ्लोरिडा मिळवलं आणि देशाची सीमारेषा कागदावर पॅसिफिक महासागरापर्यंत नेली. युरोपने अमेरिका खंडात नव्या वसाहती करू नयेत, असं बजावणारं १८२३ चं धोरण मन्रोंच्या नावाने ओळखलं जातं. त्यामागचं डोकं मुख्यतः अ‍ॅडम्स यांचं.

यांत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८०७ मध्ये सिनेटचे सदस्य असताना त्यांनी स्वतःच्या फेडरलिस्ट पक्षाविरुद्ध जाऊन व्यापारबंदीच्या कायद्याला पाठिंबा दिला. त्या कायद्याने त्यांच्याच राज्यातली बंदरं ओस पडणार होती. पक्षाने त्यांची मुदत संपण्याआधीच दुसऱ्याची निवड करून टाकली आणि अ‍ॅडम्सनी राजीनामा दिला. देशहिताचं वाटतं ते करायचं, पक्ष आणि मतदार काय म्हणतात ते नंतर पाहायचं, अशी त्यांची रीत होती. राजदूताला ती चालते. राष्ट्राध्यक्षाला किती चालते, ते लवकरच कळणार होतं.

१८२४ च्या निवडणुकीत चार उमेदवार होते. लढाया मारलेले अँड्र्यू जॅक्सन यांना ९९ निर्वाचक मतं मिळाली, अ‍ॅडम्सना ८४, विल्यम क्रॉफर्ड यांना ४१ आणि हेन्री क्ले यांना ३७. बहुमताला १३१ लागत होती, ती कुणाकडेच नव्हती. अशा वेळी घटनेप्रमाणे निर्णय प्रतिनिधीगृहाकडे जातो आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत असतं. पहिले तिघेच रिंगणात राहतात, म्हणून क्ले बाहेर पडले. पण ते होते त्याच गृहाचे सभापती. त्यांनी आपलं वजन अ‍ॅडम्सच्या पारड्यात टाकलं. ९ फेब्रुवारी १८२५ रोजी पहिल्याच फेरीत २४ पैकी १३ राज्यांनी अ‍ॅडम्सना निवडलं. काही दिवसांतच अ‍ॅडम्सनी क्ले यांना परराष्ट्रमंत्री नेमलं. त्या काळी परराष्ट्रमंत्रीपद ही राष्ट्राध्यक्षपदाची पायरीच समजली जाई, त्यामुळे जॅक्सनच्या गोटात ‘सौदा झाला’ अशी बोंब उठली. सौदा झाल्याचा पुरावा आजही कुणाकडे नाही. क्ले त्या जागेला सर्वांत लायक होते हेही खरं. पण जनतेची सर्वाधिक मतं मिळालेला माणूस घरी बसला आहे आणि ज्याच्या पाठिंब्याने आपण निवडून आलो त्यालाच आपण मोठं पद देतो आहोत, हे लोकांना कसं दिसेल, याचा विचार राजकारणात एखाद्या नवख्यानेही केला असता.

मग आला डिसेंबर १८२५ चा काँग्रेसला पाठवलेला संदेश. त्यात रस्ते आणि कालवे होते, राष्ट्रीय विद्यापीठ होतं, आरमारी शिक्षणाची संस्था होती, वजनमापांची एकसूत्री पद्धत होती आणि ताऱ्यांचा अभ्यास करणारी वेधशाळाही होती. युरोपात शंभराहून अधिक वेधशाळा असताना आपल्या गोलार्धात एकही नाही, ही खंत त्यात होती. आज वाचताना हा माणूस काळाच्या पन्नास वर्षं पुढे होता असं वाटतं. त्या दिवशी मात्र लोकांच्या डोळ्यांत दुसरंच वाक्य खुपलं. युरोपची राज्यं पुढे जात असताना आपण मतदारांच्या इच्छेने लुळे पडल्यासारखे बसून राहायचं का, असा त्याचा आशय. थोड्या मतांनी आणि संशयाच्या छायेत निवडून आलेल्या माणसाने हे लिहावं! वेधशाळेसाठी त्यांनी वापरलेली ‘आकाशातले दीपस्तंभ’ ही शब्दयोजना टिंगलीचा विषय झाली. योजनांपैकी फारच थोड्या पुढे सरकल्या.

प्रशासनातही हाच प्रकार. टपाल खात्याचे प्रमुख जॉन मॅक्लीन नेमणुका करताना जॅक्सनच्या माणसांची सोय पाहत आहेत, हे सगळ्यांना दिसत होतं. अ‍ॅडम्सनी त्यांना काढलं नाही. माणूस काम चोख करतो, मग राजकीय मतासाठी काढायचं का? जॉर्जियात क्रीक जमातीच्या जमिनी लबाडीच्या करारात लाटल्या गेल्या, तेव्हा अ‍ॅडम्सनी तो करार रद्द करून नवा केला, पण जॉर्जियाच्या गव्हर्नरने शस्त्रांची भाषा सुरू केल्यावर त्यांनी माघार घेतली. क्रीकांची जमीन गेलीच. १८२८ मध्ये जॅक्सन १७८ विरुद्ध ८३ निर्वाचक मतांनी निवडून आले आणि अ‍ॅडम्स त्यांच्या शपथविधीला न थांबता निघून गेले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत थोरला मुलगा जॉर्ज आगबोटीवरून समुद्रात पडून वारला. या सगळ्यानंतर प्लिमथची विचारणा आली होती.

डिसेंबर १८३१ मध्ये अ‍ॅडम्स सभागृहात बसले आणि पहिल्याच आठवड्यांत त्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या क्वेकर पंथीयांचे १५ अर्ज सादर केले. राजधानीच्या जिल्ह्यातली गुलामगिरी आणि गुलामांचा व्यापार बंद करा, अशी त्यांत मागणी होती. ती आपल्याला मान्य नाही, हेही त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं. गुलामगिरीचा त्यांना मनापासून तिटकारा होता, रोजनिशीत १८२० पासून त्याबद्दल जळजळीत मजकूर आहे. पण राष्ट्राध्यक्ष असताना ते या विषयावर जवळजवळ गप्प राहिले होते, आणि मुत्सद्दी म्हणून तर त्यांनी ब्रिटिशांनी युद्धात पळवून नेलेल्या गुलामांची भरपाई मालकांना मिळवून देण्यासाठी वर्षानुवर्षं भांडण केलं होतं. तेव्हा १८३१ चे अ‍ॅडम्स हे कुणी झेंडा घेतलेले सुधारक नव्हते. अर्ज आला आहे, नागरिकाने सही केली आहे, तो सभागृहापुढे ठेवणं हे आपलं काम आहे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

या साध्या म्हणण्यातून पुढचं सगळं घडलं. सरकारकडे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीतच आहे. प्रतिनिधीगृहात ठरलेल्या दिवशी एकेका राज्याचं नाव पुकारलं जाई आणि सदस्य आपल्याकडे आलेले अर्ज मांडत. १८३० च्या दशकाच्या मध्यावर गुलामगिरीविरोधी संस्थांनी हीच वाट धरली. गावोगावच्या बायका दारोदार फिरून सह्या गोळा करू लागल्या. त्यांना मत देण्याचा अधिकार नव्हता, अर्जावर सही करण्याचा होता. लाखो सह्या वॉशिंग्टनला येऊन पडू लागल्या आणि दक्षिणेकडच्या सदस्यांचा संताप वाढत गेला. २६ मे १८३६ रोजी सभागृहाने ठराव केला : गुलामगिरीशी कोणत्याही प्रकारे संबंध असलेला अर्ज आला तर तो न छापता, न चर्चा करता बाजूला ठेवून द्यावा. हाच तो ‘गॅग रूल’, म्हणजे तोंडबंदीचा नियम. मतदानात अ‍ॅडम्स यांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा हो किंवा नाही न म्हणता त्यांनी उभं राहून ओरडून सांगितलं की हा ठराव राज्यघटनेचा, सभागृहाच्या नियमांचा आणि माझ्या मतदारांच्या हक्कांचा भंग आहे.

विरोधकांची चूक इथेच झाली, असं मला वाटतं. गुलामगिरी हा विषय उत्तरेतल्या सामान्य माणसाला तेव्हा दूरचा वाटे, अनेकांना तर सुधारकांचाच राग येई. पण आपला अर्ज आपल्याच खासदाराने वाचूही नये? हा प्रश्न प्रत्येकाला कळत होता. दक्षिणेतल्या गुलामांच्या मालकांना आपली मालमत्ता सांभाळण्यासाठी उत्तरेतल्या गोऱ्या नागरिकाचं तोंड बंद करावं लागतं, हे अ‍ॅडम्सनी दर अधिवेशनात, दर सोमवारी, कंटाळा न करता दाखवून दिलं.

त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. प्रत्येक नव्या अधिवेशनात नियम पुन्हा मंजूर व्हायच्या आत ते अर्ज पुढे सरकवत. सभापती थांबवू लागले की हा अर्ज नियमात बसतो की नाही ते आधी सांगा, असा हरकतीचा मुद्दा काढत, आणि तो मुद्दा मांडता मांडता अर्जातला मजकूर सांगून टाकत. फेब्रुवारी १८३७ मध्ये त्यांनी सभापती जेम्स पोक यांना विचारलं की माझ्याकडे गुलामांच्या सह्यांचा एक अर्ज आहे, तो या नियमात येतो का? सभागृहात भडका उडाला. गुलामाने अर्ज करायचा! अ‍ॅडम्स यांच्या निषेधाचे ठराव आले, एकाने तर फौजदारी खटल्याची धमकी दिली. बराच आरडाओरडा झाल्यावर अ‍ॅडम्सनी शांतपणे खुलासा केला की मी अर्ज मांडलेला नाही, फक्त विचारलं आहे; आणि त्यात गुलामगिरी बंद करा असं म्हटलेलं नाही, उलटच म्हटलं आहे. निषेधाचा ठराव बारगळला. वर्षभराने मेरिलँडच्या एका सदस्याने बायकांनी असे अर्ज करणं त्यांच्या लौकिकाला शोभत नाही असं मत मांडलं, तेव्हा अ‍ॅडम्सनी टेक्सासच्या विलीनीकरणाच्या प्रश्नावरच्या आपल्या लांबलेल्या भाषणात बायबलमधल्या एस्थर आणि डेबोरापासून अमेरिकी क्रांतीतल्या स्त्रियांपर्यंत दाखले देत त्याची खरडपट्टी काढली. ते भाषण रोज सकाळी थोडं थोडं करत तीन आठवडे चाललं.

कळस झाला जानेवारी १८४२ मध्ये. मॅसॅच्युसेट्समधल्या हेवरहिल गावच्या ४६ नागरिकांचा अर्ज अ‍ॅडम्सनी मांडला. मागणी होती, संघराज्यच विसर्जित करा. मागणी का मान्य करता येत नाही याची कारणं देणारं उत्तर समितीने तयार करावं, असंही त्यांनी सुचवलं. पण विरोधकांना वाटलं, म्हातारा अखेर सापडला. केंटकीचे थॉमस मार्शल यांनी निषेधाचा ठराव आणताना राजद्रोहाचा शब्द वापरला. चौऱ्याहत्तर वर्षांचे अ‍ॅडम्स उठले आणि त्यांनी कारकुनाला स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा पहिला परिच्छेद वाचायला सांगितला. सरकार बदलण्याचा लोकांचा हक्क तिथेच लिहिलेला आहे. आरोपी म्हणून उत्तर देण्याचा हक्क त्यांना नाकारता येत नव्हता, आणि उत्तर देताना गुलामगिरीवर बोलण्यापासून कुणी अडवू शकत नव्हतं. थिओडोर वेल्ड हे गुलामगिरीविरोधी चळवळीतले कार्यकर्ते त्यांना रात्री संदर्भ काढून देत आणि दिवसा अ‍ॅडम्स बोलत. असं जवळजवळ दोन आठवडे चाललं. अखेर ७ फेब्रुवारीला सभागृहानेच १०६ विरुद्ध ९३ मतांनी तो ठराव बासनात गुंडाळला. अ‍ॅडम्सनी लगेच उरलेले अर्ज मांडायला घेतले.

३ डिसेंबर १८४४ रोजी १०८ विरुद्ध ८० मतांनी हा नियम रद्द झाला. साडेआठ वर्षं लागली.

दरम्यान अ‍ॅमिस्टॅडचा खटला झाला. त्यावर स्टीव्हन स्पीलबर्गचा १९९७ चा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल, पण घटना चित्रपटाहून अधिक गुंतागुंतीची आहे. १८३९ मध्ये आफ्रिकेतून पळवून क्युबात आणलेल्या ५३ जणांना अ‍ॅमिस्टॅड या जहाजातून हवानाहून नेलं जात होतं. सेंग्बे पिएह याच्या पुढाकाराने त्यांनी बंड केलं, कप्तानाला मारलं आणि मालकांना जहाज आफ्रिकेकडे न्यायला सांगितलं. मालक दिवसा पूर्वेकडे आणि रात्री गुपचूप उत्तरेकडे जहाज वळवत राहिले. शेवटी लाँग आयलंडजवळ अमेरिकी नौदलाने ते पकडलं. कैद्यांची मेंडे भाषा कुणालाच येत नव्हती. येल विद्यापीठाचे जोसाया गिब्ज त्यांच्याकडून एक ते दहा आकडे शिकले आणि न्यूयॉर्कच्या गोदीत ते आकडे मोठ्याने म्हणत हिंडले. जेम्स कव्ही नावाच्या खलाशाने ते ओळखले आणि कोर्टाला दुभाषा मिळाला. या लोकांची बाजू तेव्हाच लोकांना नीट कळली.

खालच्या कोर्टांत आफ्रिकी जिंकले, पण मार्टिन व्हॅन ब्यूरन यांच्या सरकारने अपील केलं. सर्वोच्च न्यायालयात निम्म्याहून अधिक न्यायमूर्ती दक्षिणेकडचे होते. अ‍ॅडम्सनी त्या न्यायालयात तीस वर्षांहून अधिक काळ पाऊल टाकलं नव्हतं, वयाची सबब सांगून ते आधी नाहीही म्हणाले होते. २४ फेब्रुवारी १८४१ रोजी ते साडेचार तास बोलले, मधल्या रात्रीत एका न्यायमूर्तींचं निधन झाल्याने काम थांबलं, मग १ मार्चला त्यांनी युक्तिवाद पुरा केला. न्यायालयाच्या भिंतीवर टांगलेल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याकडे त्यांनी बोट दाखवलं. ९ मार्चला निकाल आला : ही माणसं बेकायदा पळवलेली आहेत, ती कुणाची मालमत्ता नाहीत, मुक्त आहेत. तरी निकाल वाचला तर दिसतं की न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी आधार घेतला तो मुख्यतः सहकारी वकील रॉजर बाल्डविन यांच्या कायद्याच्या मुद्द्यांचा. अ‍ॅडम्स यांच्या भाषणाने खटल्याकडे देशाचं लक्ष वेधलं, निकाल त्यांनी एकट्याने फिरवला नाही. जगलेले ३५ जण त्याच वर्षअखेरीस सिएरा लिओनला जायला निघाले.

अ‍ॅडम्स निर्दोष होते असं कुणी समजू नये. १८४१ च्याच नोव्हेंबरात त्यांनी बोस्टनमध्ये चीनच्या अफूयुद्धावर व्याख्यान दिलं आणि ब्रिटनची बाजू घेतली. युद्धाचं कारण अफू नाही, चीनच्या दरबारात परदेशी वकिलांना लोटांगण घालावं लागतं हे आहे, असं त्यांचं प्रतिपादन होतं. मुंबईच्या बंदरातून पेट्या भरभरून चीनला जाणाऱ्या माळव्याच्या अफूने कोणाची घरं बसत होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं. ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ने ते व्याख्यान छापायला नकार दिला, आणि बरंच केलं.

दीपस्तंभांचं वेड मात्र फळाला आलं. जेम्स स्मिथसन या इंग्रज शास्त्रज्ञाने ज्ञानप्रसारासाठी अमेरिकेला ठेवलेले पाच लाखांहून अधिक डॉलर्स सरकारने आर्कान्सासारख्या राज्यांच्या रोख्यांत गुंतवून गोत्यात आणले होते. अ‍ॅडम्सनी पाठपुरावा करून ती रक्कम सरकारला भरून द्यायला लावली, आणि १८४६ मध्ये स्मिथसोनियन संस्था उभी राहिली. १८४३ मध्ये, शहात्तराव्या वर्षी, कडाक्याच्या थंडीत रेल्वे, बोट आणि घोडागाडीने प्रवास करून ते सिनसिनाटीच्या वेधशाळेची कोनशिला बसवायला गेले. त्याच वर्षीचा त्यांचा एक फोटो उपलब्ध आहे. अमेरिकी राष्ट्राध्यक्षाच्या आज टिकून असलेल्या मूळ फोटोंपैकी तो सर्वांत जुना मानला जातो. चेहऱ्यावर हसू नाही, पण ते कधीच नसे.

१८४६ मध्ये मेक्सिकोविरुद्धच्या युद्धाला प्रतिनिधीगृहात फक्त १४ जणांनी विरोध केला, त्यांत ते होते. २१ फेब्रुवारी १८४८ रोजी त्या युद्धातल्या सेनानींच्या गौरवाचा विषय आला. त्यालाही त्यांनी ठामपणे नकार दिला आणि थोड्याच वेळात ते आसनावर कोसळले. त्यांना उचलून सभापतींच्या खोलीत नेलं. दोन दिवसांनी तिथेच त्यांचं निधन झालं. अंत्यविधीच्या व्यवस्थेसाठी नेमलेल्या समितीत इलिनॉयचे एक नवे खासदार होते, अब्राहम लिंकन. दोघं एका सभागृहात जेमतेम अडीच महिने बसले, ओळख कितपत होती हे सोडून देऊ.

अ‍ॅडम्स यांचा खरा वारसा त्यांच्या एका कायदेशीर मुद्द्यातून लिंकनपर्यंत पोचला. १८३६ मध्ये आणि पुन्हा १८४२ मध्ये त्यांनी सभागृहात सांगितलं होतं की शांततेच्या काळात राज्यांतल्या गुलामगिरीला केंद्र सरकार हात लावू शकत नाही हे खरं. पण युद्ध राज्याच्या भूमीवर आलं तर युद्धकालीन अधिकारात सरकार आणि सरसेनापती गुलामांना मुक्त करू शकतात. तेव्हा दक्षिणेकडच्या सदस्यांनी हे बोलणं वेडगळ ठरवलं. १८६१ मध्ये यादवी पेटताच मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स सम्नर लिंकन यांच्याकडे गेले आणि हा अधिकार आता तुमच्याकडे आला आहे, असं त्यांनी सांगितलं. लिंकननी दीड वर्षाहून अधिक वेळ घेतला. १ जानेवारी १८६३ रोजी त्यांनी बंडखोर राज्यांतल्या गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला, तो सरसेनापती म्हणून, युद्धाची गरज म्हणून.